आवाज कव्हय येस, ते सांग

माय, 'गाडीच्या मागून आवाज येतोय' एवढंच सांगून गॅरेजमध्ये गाडी सोडून येऊ नकोस. एवढ्या माहितीवर मिस्त्री जे करू शकतो तेच करील. शॉकअप बदलील, तेही दोन्ही. तू पैसे देशील, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना वरखेडीच्या पुढे पहिला खड्डा लागला की आवाज जिथल्या तिथे. यात मिस्त्रीची लबाडी असतेच असं नाही. त्याच्या दारात गाडी उभी असते, आणि उभी गाडी गप्प असते. तिचा आवाज ऐकलेला असतो फक्त तू, आणि तो तू त्याला धड सांगितलेला नसतो.

आम्ही काळी-पिवळी चालवायचो तेव्हा जुन्या मिस्त्रीचा पहिला सवाल ठरलेला असायचा: "आवाज कव्हय येस, ते सांग." आवाज केव्हा येतो, एवढंच; कुठून येतो हे तो विचारायचाच नाही. त्याचं कारण असं की गाडीचं अंग म्हणजे पत्र्याचं रिकामं पिंप. डावीकडे ठोकलं तर उजवीकडे घुमतं, खाली वाजलं तर मागच्या सीटमागे ऐकू येतं. आवाजाची जागा ओळखताना कान फसतो, वेळ ओळखताना सहसा फसत नाही. खड्ड्यात वाजतं की वळणावर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, एकटी असताना की मागे तिघं बसल्यावर, सकाळी गाडी काढताना की दुपारी उन्हात, एवढं सांगता आलं तर निम्मं काम घरीच झालं. फोनवर टिपून ठेव. मास्तरीण आहेस, तेवढी वही तुला जड नाही.

'पीजे', म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, होती तोवर शेंदुर्णीच्या शाळेत जाणाऱ्या बाईला गाडी घ्यायची वेळच येत नव्हती. पाचोऱ्याला बसायचं, वरखेडी, पिंपळगाव करत छोटी गाडी शेंदुर्णीला सोडायची आणि पुढे पहूरवरून जामनेर गाठायची. सगळी मिळून 56 किलोमीटरची लाइन. 2020च्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या छोट्या रुळांवर पुन्हा आली नाही. आता तू रोज आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यावरून जातेस येतेस. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं टाका, खालची जमीन हलली की रस्त्याला लाटा पडतात. ह्या लाटांचा आणि पावसाळ्यातल्या चिखलाचा मार गाडीचं मागचं अंग खातं. तेव्हा ते कधीतरी कुरकुरणारच. कुरकुर कुठली साधी आणि कुठली घातकी, हे कळलं म्हणजे झालं.

पहिलं काम पाना न उचलता करायचं. रविवारी सकाळी डिकी रिकामी कर. जॅक, टॉमी, पाण्याचा कॅन, वह्यांचे गठ्ठे, पोरांची बॅट, स्टेपनीसुद्धा बाहेर काढ. वरचा पार्सल ट्रे काढून घरात ठेव. मागच्या सीटची पाठ दोन्ही बाजूंनी खिट्टीत बसली आहे का, जोराने ओढून बघ. ती एका बाजूने अर्धवट बसली तर खड्ड्यात असा ठक्क आवाज येतो की भल्याभल्यांना शॉकअप वाटतो. कुणी न बसलेल्या सीटचा बेल्ट दाराच्या पत्र्यावर टकटकतो. नंबरप्लेटवर मुठीने मार, डिकीचं दार हलवून बघ, त्याचे रबरी गुटके झिजले असतील तर दार प्रत्येक हादऱ्याला वाजतं. मग ह्या रिकाम्या गाडीतून रोजच्याच रस्त्याने, रोजच्याच वेगाने एक फेरी मार. आवाज गेला, तर एकेक वस्तू परत ठेवत जा. तुला हसू येईल, पण मागच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्या आम्ही जॅकखाली जुनं पोतं घालून परत पाठवल्या आहेत.

स्टेपनी डिकीत नसून गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल, जशी अर्टिगासारख्या गाडीला असते, तर ती वर घट्ट ओढलेली आहे का ते बघ. पंक्चरवाल्याने घाईत अर्धवट चढवलेली स्टेपनी खड्ड्यागणिक धपधपते. बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते, तिच्या वजनाने दाराच्या बिजागऱ्या सैल होतात आणि मग सगळं दारच वाजायला लागतं. तुझ्या सासऱ्यांची बोलेरो वाजते ती निम्मी तिथे.

दुसरा संशयित सायलेन्सर. त्याची नळी इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत येते आणि रबरी कड्यांवर लोंबकळते. एखादं रबर ताणलं किंवा तुटलं की नळी मागची चाकं जोडणाऱ्या तुळईला किंवा पत्र्याला जाऊन लागते. इंजिन चालू करून गाडी उभीच ठेवली, थोडी रेस दिली आणि तेव्हाही मागून खर्रर्र वाजलं, तर सस्पेन्शनचा काही संबंध नाही. तो सायलेन्सर किंवा त्याच्यावरचा उष्णता अडवणारा पातळ पत्रा. गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी नळी हाताने हलवून बघ. संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या हात लावू नकोस, कातडी चिकटेल.

हे दोन्ही निर्दोष ठरले, तरच पुढे जायचं.

आता तुझ्या गाडीच्या मागे आहे तरी काय, ते समजून घे. घाबरण्याइतकं तिथे काही नाही. स्विफ्टसारख्या छोट्या गाडीत मागची दोन चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली असतात. तुळईचे दोन हात पुढे जाऊन गाडीच्या बुडाला दोन जाड रबरी बुशांत अडकतात. दोन गोल स्प्रिंगा, त्यांच्या रबरी बैठका. दोन शॉकअप, त्यांना वर-खाली बुश. चाक फार वर आलं तर आदळू नये म्हणून दोन रबरी ठोकळे. दोन बेअरिंग आणि दोन ब्रेकड्रम. संपलं. मागच्या चाकांना इंजिनाचा जोर नाही, त्यामुळे तिथे गिअर नाही, क्रॉस नाही, डिफ्रन्शिअल नाही. तुला कुणी म्हणालं की तुझ्या गाडीच्या मागच्या डिफ्रन्शिअलचा आवाज येतोय, तर चहा पिऊन दुसऱ्या गॅरेजकडे वळ.

बोलेरोचं तसं नाही. तिला मागे पाटे आहेत, जोर मागच्या चाकांना आहे, आणि तिचे आवाज निराळे. पाट्यांची गाडी आमच्या पिढीची. 1958 साली आलेली आणि 2014 साली बंद पडलेली अ‍ॅम्बेसेडर शेवटपर्यंत मागे पाट्यांवरच चालली. 1983 साली आलेल्या पहिल्या मारुतीलाही मागे पाटेच होते, 1986च्या मॉडेलपासून तिला स्प्रिंगा आल्या. पाट्यांत एक गुण आहे, ते एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच गाडीचं उसळणं थोडंफार जिरतं. गोल स्प्रिंगेला ते जमत नाही, ती उसळली की उसळत राहते. तिला आवरणारा एकच, शॉकअप. म्हणून जुन्या जीपगाडीचा शॉकअप गेला तरी ती कुरकुरत कापसाचं ओझं ओढायची; तुझ्या गाडीचा गेला तर लाटांच्या रस्त्यावर, ऐंशीच्या वेगात, मागचं चाक जमीन सोडायला लागतं.

आवाजाला कोंडीत पकडायची खरी युक्ती म्हणजे त्याला एकटं पाडणं. गावाबाहेर रिकामा स्पीडब्रेकर शोध. आधी दोन्ही चाकं एकदम घालून सावकाश पार कर. मग कडेने फक्त डावं चाक त्याच्यावरून जाईल असं चालव. मग फक्त उजवं. बाजू तिथेच कळते. दोन्ही चाकं एकदम गेली तेव्हा गप्प आणि एकच चाक चढलं तेव्हा आवाज, असं झालं तर तुळई पिळली जात असताना वाजतंय, म्हणजे संशय बुशांवर जातो. तू चालवत असताना मागे कुणाला तरी बसव, सीटची पाठ खाली पाडून त्याने कान द्यावा. डिकीत कुणाला बसवू नकोस. त्यापेक्षा फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कापडात गुंडाळून ठेव आणि घरी येऊन ऐक. आमच्या वेळी हे साधन नव्हतं. आम्ही लाकडी दांड्याचं एक टोक बेअरिंगच्या जागी आणि दुसरं कानाच्या मागच्या हाडाला टेकवून ऐकायचो.

मग वजनाची परीक्षा. मागे दोन धडधाकट माणसं बसव आणि त्याच रस्त्याने ने. वजन आल्यावर आवाज गेला, तर काहीतरी सैल आहे आणि वजनाखाली दबून गप्प बसतंय. शॉकअपचा बुश, वरचा नट किंवा स्प्रिंगेची बैठक. उलट वजन आल्यावरच आवाज सुरू झाला, तर काहीतरी कशाला तरी लागतंय. शॉकअप तळाशी जाऊन रबरी ठोकळ्यावर धप्प आदळतोय, टायर वरच्या पत्र्याला घासतोय, किंवा सायलेन्सर तुळईवर बसतोय. लगीनसराईत पाचाच्या गाडीत आठ बसवून, वर रुखवताची भांडी लादून जो आवाज येतो, तो गाडीचा दोष नव्हे.

आता आवाजांकडे येऊ. ठक्क, ठक्क, ठक्क: हळू वेगात, बारीक-सारीक खड्ड्यांत, कोरडा, लाकडावर हातोडी मारल्यागत स्पष्ट. हा बहुतेक वेळा शॉकअपच्या वरच्या किंवा खालच्या बुशाचा. शॉकअप चांगला असतो, त्याचं रबर झिजून भोक मोठं झालेलं असतं. हा आवाज मोठ्या खड्ड्यापेक्षा बारीक खड्ड्यांत जास्त येतो, ही त्याची खूण. शॉकअप न बदलता नुसता बुश मिळतो का ते आधी विचार.

शॉकअप गेलाय का, हे बघायची जुनी रीत म्हणजे डिकीचा कोपरा अंगाच्या भाराने दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप संपला. ही रीत चांगली आहे पण अर्धी. पूर्ण संपलेला शॉकअप ती पकडते, निम्मा संपलेला तिच्या हाती लागत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त खऱ्या बोलतात. एक, शॉकअपच्या अंगावरचं तेल. धुळीचा नुसता ओलसर थर असेल तर हरकत नाही. तेल ओघळून खालपर्यंत काळा चिकट पट्टा झाला असेल तर आतलं तेल बाहेर आलं. दुसरी, टायर. मागच्या टायरवरून तळहात गोल फिरव. रबर जागोजागी खोलगट-उंच लागलं तर चाक रस्त्यावर नाचत होतं. बदलायचे तर जोडीने बदल. एक नवा, एक जुना अशी गाडी वळणावर दोन मनांची होते.

कुर्रर्र, किर्रर्र: स्पीडब्रेकर हळू चढताना, कुणी मागे बसताना-उतरताना, डिकीत पोतं टाकताना. हे रबराचं रडणं. बुश कोरडा पडलाय, कडक झालाय किंवा चिरलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाडी उघड्यावर, खाली तापलेली जमीन. रबर लवकर म्हातारं होतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाऊस. पाऊस पडला की आवाज बंद, दोन दिवस ऊन पडलं की परत सुरू, असं होत असेल तर बुशच. पावसाची वाट बघायची नसेल तर साबणाचं पाणी बाटलीत भरून एकेका बुशावर पिचकारी मार आणि दर वेळी गाडी दाबून बघ. ज्या बुशावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तो गुन्हेगार.

पण एक ऐक. कुणी म्हणेल, ऑइल मार, डिझेल मार, दोन मिनिटांत बंद होईल. दोन मिनिटांत बंद होतंही. खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ होतं आणि काही महिन्यांत चिंध्या होऊन बाहेर येतं. शिवाय ते तेल ब्रेकड्रममध्ये शिरलं तर ब्रेकच गेला. पाट्यांवर जळालेलं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी सवय आहे. लोखंडावर लोखंड घासतं तिथे त्याने आवाज थांबतो हे खरं, पण त्यावर आपल्या शिवारातली धूळ बसून जो लगदा होतो तो पाट्यांना कानसच लावतो. सासऱ्यांना सांग, पाटे धुवून, पानांमधले झिजलेले गुटके बदलून घ्या. ऐकतील असं मला वाटत नाही.

टण्ण: खड्ड्यात, धातूचा, घुमणारा. गाडी सपाट फरशीवर उभी कर आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोज. बोटभर फरक सोडून दे. दोन-तीन बोटांचा फरक असेल तर खाली बसलेल्या बाजूची स्प्रिंग तुटली असण्याची शंका घे. गोल स्प्रिंग बहुधा टोकाच्या वेढ्यात तुटते, जिथे ती बैठकीत बसते, कारण तिथेच चिखल साठतो, ओल टिकते आणि गंज धरतो. तुटलेला तुकडा कित्येकदा जागच्या जागीच राहतो, म्हणून वाकून बघितलं तरी दिसत नाही. बॅटरी लावून, मातीचा थर काढून, शेवटचा वेढा डोळ्यांनी बघायचा. तुटलेल्या स्प्रिंगेचं टोक टायरपर्यंत पोचू शकतं, त्यामुळे हा आवाज अंगावर काढायचा नाही.

गाडी हळू पुढे घेऊन ब्रेक मार, मग मागे घेऊन ब्रेक मार. दर वेळी मागून एकच जाड 'धक' आला तर तुळईचे पुढचे दोन बुश सैल आहेत. हाच आवाज बोलेरोत आला तर मात्र अर्थ बदलतो. गिअर टाकून निघताना किंवा पुढचा-मागचा गिअर बदलताना खट्ट झालं तर शाफ्टचा क्रॉस तपासा, त्याला ग्रीस मिळालंय का बघा. तिथे काही नसेल तर पाटे बांधणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल झाला की आतला सेंटर बोल्ट तुटतो, मागचा धुरा जागेवरून सरकतो आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं. नवे यू-बोल्ट बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा कसावे लागतात. ही गोष्ट बसवणारा सांगत नाही आणि नेणारा विचारत नाही.

घूं-घूं, वेगाबरोबर वाढणारी: इथे भांडण दोघांत, टायर की बेअरिंग. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर. रस्ता कुठलाही असो, सूर तोच राहिला तर बेअरिंग. लांब वळण घेऊन बघ. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं-घूं वाढली तर उजवं बेअरिंग बघायचं, उजवीकडे वळताना वाढली तर डावं. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या औट्रम घाटात ही परीक्षा आपोआप होते, पण बेअरिंगचा संशय असताना घाटात जायचं नाही. शंका उरलीच तर टायर पुढचे मागे, मागचे पुढे कर. आवाजही टायरबरोबर पुढे गेला तर बेअरिंग निर्दोष. शेवटची खात्री चाक वर उचलून: एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगेवर ठेवायची. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगेत बारीक खरखर बोटांना लागते, कानाला नाही लागली तरी. मग चाक वर-खाली धरून हलव. खेळ लागला तर बदलायचं.

चाक उचलायचं म्हणजे नुसत्या जॅकवर नाही. सपाट कडक जमीन, पुढच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये, आणि उचलल्यावर खाली घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळा. मागचं चाक उचलताना हॅण्डब्रेक सोडावा लागतो, नाहीतर चाक फिरणार नाही, म्हणून पुढचे दगड विसरायचे नाहीत. उन्हात मऊ झालेल्या डांबरावर आणि पावसातल्या मातीत जॅक रुततो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. मिस्त्री घालतो म्हणून तू घालायचं नाही.

काही आवाज ऐकायला भयंकर आणि निघतात फुसके. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी काढताना मागून कर्कश घासल्याचा आवाज येतो. ड्रमच्या आत गंजाचा पापुद्रा धरलेला असतो, दोन-चार ब्रेक मारले की जातो. ओल्या गाडीला रात्रभर हॅण्डब्रेक लावून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतो आणि सकाळी ठाक करून सुटतो. पावसाळ्यात सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये उभी कर आणि चाकाला दगड लाव. चालता चालता एकदम चीं-चीं सुरू झाली तर ड्रमच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. थोडी मागे घे, पुन्हा पुढे, बरेचदा पडून जातो. आणि दिवाळीच्या सुमाराला, चिखल वाळल्यावर, सत्तर-ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते त्याचं कारण शोधायला गॅरेजमध्ये जायच्या आधी चाकाच्या रिमची आतली बाजू बघ. काळी माती तिथे वाळून दगड झालेली असते आणि चाकाचा तोल घालवते. नळीचं पाणी आणि जुना ब्रश, एवढाच खर्च.

आता मिस्त्रीकडे कसं जायचं ते. रोग सांगायचा नाही, लक्षण सांगायचं. 'शॉकअप बदला' असं म्हटलंस तर तो बदलून देईल आणि तो तुझाच निर्णय ठरेल. 'वीसच्या वेगात, एकटी असताना, डावं चाक खड्ड्यात गेलं की ठक्क, मागे दोघं बसली की नाही', असं सांग. मग त्याला शेजारी बसवून एक फेरी मार, तोच खड्डा दाखव. चांगला मिस्त्री कंटाळत नाही. जो फेरीला यायलाच तयार नाही, त्याच्याकडे ऑइल बदलायला जा, आवाज शोधायला नको. काम सांगताना स्वस्तापासून महागाकडे जायचं: आधी नट कसणं, मग बुश, मग शॉकअप, मग स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फेरी मारून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज कशाने गेला हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चारही बदलाव्या लागतात. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मागून घे.

सगळ्यात महत्त्वाचं, जे चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये राहून जातं. रबरी बुशाचा बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचा कसायचा नसतो. तुळईच्या बुशात बाहेरचं कडं आणि आतली नळी रबराला चिकटलेली असते. चाक खाली लटकलेलं असताना बोल्ट कसला तर बुश त्याच अवस्थेत पकडला जातो. गाडी खाली घेतली की तो कायमचा पिळलेला राहतो, रोज आणखी पिळला जातो, आणि थोड्याच महिन्यांत फाटून पुन्हा कुरकुर सुरू. मग म्हणायचं, नवा माल निकृष्ट येतो. बोल्ट आधी हलका लावायचा, गाडी चारही चाकांवर उभी करायची, मागचा भाग दोन-तीनदा दाबून बसू द्यायचा आणि मग कसायचा. हे सांगितल्यावर मिस्त्री तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल. बघू दे.

सगळे आवाज घाईचे नसतात. स्पीडब्रेकरवरची कुरकुर घेऊन तू महिनाभर शाळेला गेलीस तरी बिघडत नाही. ठक्क आवाजाला पुढचा रविवार मिळाला तरी चालतो. पण घूं-घूंची खर्र-खर्र झाली, किंवा चाकाशी जळका वास आला, किंवा वळणावर गाडीचं मागचं अंग आपल्या मनाने सरकलं, किंवा एक बाजू एकाएकी खाली बसली, तर शाळेची घंटा विसरायची. शेंदुर्णी दोन किलोमीटरवर दिसत असली तरी गाडी कडेला घ्यायची, दिवे लावायचे, आणि मिस्त्रीला तिथे बोलवायचं किंवा टोचन मागवायचं. हेडमास्तरांना मी फोन करीन.